अक्षरमुष्टिका

जबलपूरच्या माणसाला ताल विचारला तर तो मात्रा मोजत नाही, पाणी दाखवतो. हनुमानताल, अधारताल, राणीताल, चेरीताल ही नावे आजही तेथील वस्त्यांना चिकटून आहेत. या शहरात एके काळी बावन्न ताल होते असे सांगतात. त्यांतले पुष्कळ बुजले, काहींच्या जागी घरे उभी राहिली. पाणी गेले तरी नाव मात्र गेले नाही. गढ्याची राणी दुर्गावती, तिचा दिवाण अधार आणि तिची एक दासी अशा तिघांच्या नावे तीन ताल लोकस्मृतीत टिकून आहेत. दासीसाठी तिकडच्या बोलीत ‘चेरी’ हा शब्द आहे, म्हणून तो चेरीताल.

१९७९ सालच्या एका शनिवारी एका संगीतशिक्षकाच्या हाती कॅलेंडरचे एक फाडलेले पान पडले. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर बारीक, वकिली वळणाच्या अक्षरांत लिहिले होते : ज्यांना सम नाही आणि खालीही नाही, जिथे राणी आणि दासी एकमेकींच्या शेजारी बसतात, असे दोन ताल कोणते? संगीतशिक्षक, म्हणजे मित्रांचे मास्तर, चार दिवस रुद्रताल, ब्रह्मताल, लक्ष्मीताल अशा अप्रचलित तालांच्या मागे हिंडले. जुन्या वह्या काढल्या, मात्रांचे हिशेब मांडले. पाचव्या दिवशी मास्तरीणबाईंनी भाजीची पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता तो कागद वाचला आणि म्हणाल्या, “रोज सायकलीवरून ज्यांच्या मधून जाता, ते दोन ताल तुम्हांला वहीत कसे सापडायचे?” त्या दिवशीचा गुण वहीत मास्तरीणबाईंच्या नावे जमा झाला. आणि मास्तरांनी तो कागद पुढे कित्येक वर्षे तंबोऱ्याच्या गवसणीत जपून ठेवला.

कागद पाठवणारे वकीलसाहेब १९५६ साली नागपूरहून आलेले. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि नव्या राज्याचे उच्च न्यायालय जबलपुरात बसले. त्या न्यायालयाबरोबर जी माणसे या शहरात आली त्यांतलेच हे एक. मास्तरांचे घराणे त्याहून जुने, भोसल्यांच्या अमलात नर्मदेकाठी येऊन स्थिरावलेले. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचा अंमल तेथून गेला, घराणे मात्र राहिले. तिसरे, सर्वांत धाकटे, भाऊ. त्यांचे वडील भुसावळहून रेल्वेच्या नोकरीत आले आणि भाऊ स्वतः १९०४ साली स्थापन झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत भांडारविभागात लागले. दरबार, न्यायालय, रेल्वे आणि कारखाना, या ज्या वाटांनी मराठी माणूस महाकोशलात पोचला त्या सगळ्या या तीन माणसांत एकत्र आल्या होत्या. वकीलसाहेब आणि मास्तर एकाच वयाचे म्हणून एकमेकांना ‘अरे’ म्हणत; भाऊ दोघांनाही ‘अहो’ म्हणत आणि दोघे भाऊंना.

या तिघांचा कूटप्रश्नांचा व्यवहार वीस वर्षांच्या आसपास चालला. दर शनिवारी एकाने प्रश्न पाठवायचा, उरलेल्या दोघांनी आठ दिवसांत सोडवायचा. नियम तीनच होते. उत्तर एकच निघाले पाहिजे. उत्तरापर्यंतची वाट प्रश्नातच असली पाहिजे. ज्ञान बाहेरून आणावे लागले तर हरकत नाही, दैव आणावे लागू नये. आणि सोडवणाऱ्याने उत्तराबरोबर वाटही सांगितली पाहिजे. उत्तराला एक गुण, वाटेला दोन. भाऊंनी भांडाराच्या नोंदवहीच्या शिस्तीने या गुणांची वही ठेवली होती.

कूटाची ही हौस आपल्याकडे नवी नाही. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिका आहे, आज ज्याला अंत्याक्षरी म्हणतात त्या प्रकाराची पूर्वज असलेली प्रतिमाला आहे, आणि अक्षरमुष्टिकाकथन नावाची एक चमत्कारिक कला आहे. शब्दांची केवळ आद्याक्षरे गुंफून, जणू मुठीत धरून, आशय सांगायचा. ज्याला मूठ उघडता येते त्यालाच तो कळायचा. दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आणि त्यांचे उपयोग तीन सांगितले : गोष्टीतील विनोद, गर्दीत जाणकारांचे आपसातील गुप्त बोलणे, आणि दुसऱ्याला बुचकळ्यात टाकणे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात मात्र प्रहेलिकेला अलंकाराच्या पंगतीतून उठवले. ती रसाच्या आड येते, असा त्याचा आक्षेप. संतांनी या वादाची पर्वा केली नाही. मुक्ताबाईंनी मुंगीचे कूट रचले, नाथांनी भारुडात कूटे खेळवली, आणि त्याच नर्मदेच्या उत्तरेला कबिराच्या उलटबांसीने तोच मार्ग धरला. जबलपूरसारख्या ठिकाणी या दोन्ही परंपरा एकाच घाटावर पाणी भरतात.

म्हणूनच या मित्रांच्या कूटांत दोन भाषांच्या शिवणीवर बेतलेली कूटे पुष्कळ असत. ‘ताल’ हा त्यांचा पहिला शोध. हिंदीत पाणी, मराठीत लय, आणि दोहोंच्या मध्ये एक मास्तर चार दिवस अडकलेला. दुसरे एक कूट असे होते : मातृभाषा एक, कीर्ती दुसरीत, लोकमान्यांच्या ग्रंथाला आणि समर्थांच्या ग्रंथाला त्याने दुसरे घर दिले, हा कोण? उत्तर माधवराव सप्रे. १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या मराठी माणसाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, गीतारहस्य आणि दासबोध हिंदीत नेले. १९२० साली जबलपुरातून निघालेल्या, माखनलाल चतुर्वेदींनी संपादिलेल्या ‘कर्मवीर’च्या उभारणीतही त्यांचा हात होता. या कुटाचा गुण भाऊंनी मिळवला आणि वर एक शेरा मारला : सप्र्यांना हिंदीवाले आपले म्हणतात आणि मराठीवाले विसरतात, आपल्या तिघांचे काय होईल? त्याला उत्तर कोणीच दिले नाही. मुले हिंदीत शिकत होती, घरी मराठी बोलत होती आणि मराठी अक्षर क्वचितच वाचत होती. शनिवारचा कागद हा त्या तीन घरांत नियमाने लिहिला जाणारा बहुधा एकमेव मराठी मजकूर होता.

शहराचे ज्ञानही याच मार्गाने जमत गेले. ‘बावन पाण्याचे, बावन सोंडेचे’ हे भाऊंचे कूट वकीलसाहेबांनी तत्काळ सोडवले. पाण्याचे म्हणजे ताल. सोंडेचे म्हणजे १९३९ सालच्या त्रिपुरी काँग्रेसच्या मिरवणुकीतील हत्ती. अधिवेशन बावन्नावे, म्हणून हत्तीही बावन्न. निवडून आलेले अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने इतके ग्रासले होते की अधिवेशनाला त्यांना स्ट्रेचरवरून आणावे लागले आणि मिरवणुकीत त्यांच्याऐवजी त्यांची तसबीर फिरली. वकीलसाहेबांनी वाट सांगताना लिहिले होते की, ज्याच्या नावाने मिरवणूक निघते तो तिच्यात नसतो, हेच खरे कूट. पुढे हे वाक्य मास्तरांना अनेकदा आठवले.

त्या काळी जबलपुरात प्रश्न विचारणे ही एक सार्वजनिक सवयही होती. हरिशंकर परसाई याच शहरात राहत आणि ‘देशबंधु’ वर्तमानपत्रात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. सदराचे नावच ‘पूछिये परसाई से’. सुरुवातीला सिनेमाचे आणि प्रेमाचे हलके प्रश्न येत. परसाईंनी हळूहळू वाचकाला समाजाविषयी आणि राजकारणाविषयी विचारायला शिकवले. उत्तर देणाऱ्याने प्रश्नकर्त्याची पातळी वाढवावी याचा तो धडा होता. वकीलसाहेबांनी त्या सदराची कात्रणे जमवली होती. रेडिओवरील बोर्नव्हिटा क्विझची धांदल त्यांना मानवत नसे. घंटा वाजण्याच्या आत सुचते ती केवळ माहिती, असे ते म्हणत. आठ दिवस डोक्यात राहते ते कूट.

संगीताची कूटे मास्तरांच्या वाट्याची. बंदिशींतील छाप हा त्यांचा आवडता विषय. सदारंग म्हणजे नियामत खाँ, प्रेमपिया म्हणजे फैयाज खाँ, सबरंग म्हणजे बडे गुलाम अली, गुणीदास म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित. गाणारा रोज ही नावे उच्चारतो आणि ती माणसांची आहेत हे विसरतो. एकदा त्यांनी वकीलसाहेबांच्याच व्यवसायावर कूट टाकले : वकिली सोडून ज्याने रागांचे खटले चालवले, संस्कृतात जो चतुर झाला आणि मराठीत विष्णुशर्मा, तो कोण? अर्थात विष्णु नारायण भातखंडे. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा त्यांचा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून रचलेला आहे. एवढे मोठे शास्त्र संवादाच्या आधारे उभे राहते याचे वकीलसाहेबांना विलक्षण अप्रूप वाटे. त्यांच्या मते तो मराठीतील सर्वांत दीर्घ उलटतपास होता. मास्तर त्यावर म्हणत की भातखंड्यांची लक्षणगीते कुटाच्या नेमकी उलट आहेत. त्यांत राग आपले वादी-संवादी, वर्ज्यावर्ज्य सगळे स्वतःच्या तोंडाने सांगून टाकतो, मुठीत काही ठेवत नाही.

मूठ कशी वळायची ते मात्र भाऊंनी शिकवले, आणि ते त्यांना मिळाले कारखान्यात. भांडारात एक तमिळ सहकारी होते, दुपारच्या सुटीत गुणगुणणारे. त्यांनी भाऊंना कटपयादीची युक्ती सांगितली. या पद्धतीत वर्णमालेचे अंक होतात. क, ट, प आणि य या चौघांचीही किंमत एक, आणि त्यांच्यापासून वर्ण जसजसे पुढे सरकतील तसतशी किंमत वाढत जाते. क पासून झ पर्यंत एक ते नऊ, ट पासून ध पर्यंत पुन्हा एक ते नऊ, प पासून म पर्यंत एक ते पाच, य पासून ह पर्यंत एक ते आठ. ञ आणि न शून्य. आलेले अंक उलटे वाचायचे. सतराव्या शतकात व्यंकटमखीने बहात्तर मेळांची जी योजना मांडली तिच्यातील मेळांची नावे पुढे याच युक्तीने सांधली गेली. नावाची पहिली दोन अक्षरे घ्या आणि मेळाचा क्रमांक काढा. धीरशंकराभरण : धी नऊ, र दोन, उलटे वाचले की एकोणतीस. मेचकल्याणी : मे पाच, च सहा, म्हणून पासष्ट. रागाच्या नावातच त्याच्या घराचा क्रमांक. मास्तरांसारखा हिंदुस्थानी संगीताचा माणूस या शोधाने काही दिवस झपाटून गेला होता.

१९९६ च्या पावसाळ्यात वहीतील नोंदी बदलू लागल्या. वकीलसाहेबांनी एका शनिवारी पाठवलेले कूट त्यांनीच तीन आठवड्यांपूर्वी पाठवलेले होते. मग एका संध्याकाळी बोलता बोलता त्यांना परसाईंचे नाव आठवेना. परसाई आदल्या वर्षी, १० ऑगस्ट १९९५ ला गेले होते. त्यांच्या कात्रणांची फाईल समोरच्या कपाटात होती. वकीलसाहेब हात हलवत राहिले, “अरे तो आपला, प्रश्नांची उत्तरे देणारा,” आणि मग एकाएकी गप्प झाले. भाऊ नाव सांगणार तोच मास्तरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पण नाव पुढे आलेच नाही. ते सांगायला हवे होते की नको, याविषयी दोघेही त्या रात्री परतताना बोलले नाहीत.

डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगितले. वहिनींनी दोघांना बाजूला बोलावून विनंती केली. कागद आला की हे रात्री दोन दोनपर्यंत बसतात, चिडतात, कधी डोळ्यांत पाणी येते; तुम्ही थोडे सोपे पाठवाल का? भाऊ लगेच तयार झाले. माणसाला आनंद मिळावा, एवढ्यासाठीच तर हा खेळ, असे त्यांचे म्हणणे. मास्तरांना ते पटत होते आणि पटतही नव्हते. पण वहिनींचा शब्द त्यांना मोडवला नाही. पुढचे सहा आठवडे सोपे प्रश्न गेले. नर्मदेचा उगम कोठे? पेटीचे दुसरे नाव काय? तंबोऱ्याला तारा किती? वकीलसाहेबांनी सहाही बरोबर सोडवले, वाटही लिहिली, आणि वहीत अठरापैकी अठरा गुण पडले. इतके गुण त्या वहीत कोणालाही कधी सलग मिळाले नव्हते.

सातवा कागद परत आला. नर्मदा कोणत्या समुद्राला मिळते, असा तो प्रश्न होता. खाली उत्तर नव्हते. अक्षर थरथरते होते, पण वळण तेच : “हा प्रश्न तुम्ही मला विचारलेला नाही, माझ्या आजाराला विचारला आहे. त्याला तो येतो. मला माझा पाठवा.”

भाऊ तो कागद घेऊन मास्तरांकडे आले. त्यांच्या मनात राग होता, वकीलसाहेबांवर नव्हे, स्वतःवर. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. दंडीने कुटाचे तीन उपयोग सांगितले, त्यांत हा नाही. अवघड प्रश्न विचारणे ही समोरच्याची बरोबरी मान्य करण्याची एक रीत असते. ती रीत मोडली की प्रश्न उरतो, विचारलेला माणूस उरत नाही. ज्याच्या नावाने मिरवणूक निघते तो तिच्यात नसतो. सहा आठवडे त्या दोघांनी तसबिरीची मिरवणूक काढली होती, आणि तसबिरीतल्या माणसाने ती खिडकीतून पाहिली होती.

त्या शनिवारी मास्तरांनी कागद लिहिला. वहिनींना आधी जाऊन सांगितले की आता सोपे जाणार नाही; त्यांना राग आला तर तो आपल्यावर यावा. वहिनींनी नुसती मान हलवली. कूट असे होते : नाव एका नदीचे, पाणी दुसरीचे, त्या पाण्यावर गाइलेला सूर उत्तरेचा, त्याच्या दक्षिणेतील घराचा क्रमांक सांगा.

या कुटाची वाट लांब आहे. नावात गंगा असलेला चित्रपट, १९६० चा ‘जिस देश में गंगा बहती है’. त्याचे चित्रीकरण मात्र जबलपूरजवळ भेडाघाटला, नर्मदेच्या संगमरवरी कड्यांत झाले. तेथे चित्रित झालेले लताबाईंचे गीत बसंतमुखारीच्या अंगाने जाते. पूर्वांगात भैरव आणि उत्तरांगात भैरवी असा हा राग, आणि दक्षिणेत याच स्वरांच्या मेळाला वकुळाभरण म्हणतात. व चार, कु एक. उलटे वाचले की चौदा. चित्रीकरणाच्या दिवसांत वकीलसाहेब आणि मास्तर, तेव्हा तिशीतले दोघे, सायकली हाणत भेडाघाटला गेले होते आणि गर्दीत मागे उभे राहून परत आले होते. हे कुटात लिहिलेले नव्हते. ते एवढेच काय मुठीत होते.

आठ दिवसांत उत्तर आले नाही. नवव्या दिवशी दोघे गेले. वकीलसाहेब खिडकीशी बसले होते. मांडीवर तो कागद होता आणि तो खाडाखोडीने भरला होता. ‘गंगा’ लिहून खोडले होते. ‘नर्मदा’ला गोल केला होता. त्याखाली आणखी काही शब्द सुरू होऊन अर्ध्यावर सोडलेले. “नाव येत नाही रे,” ते म्हणाले. “सिनेमाचं नाही, रागाचं नाही, कशाचंच नाही.”

मास्तर म्हणाले, “नाव राहू दे. वाट सांग.”

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. ते कधीच गायक नव्हते. त्यांचा आवाज घोगरा आणि सुरात असण्याची शाश्वती नसलेला. षड्जावर थोडे थांबून ते कोमल ऋषभाला लागले, तेथून शुद्ध गंधारावर गेले, मध्यमावरून पंचमाला, आणि मग कोमल धैवत आणि कोमल निषाद घेऊन वर चढले. उतरताना ऋषभाशी पुन्हा रेंगाळले. नंतर त्यांनी गीताची चाल धरली, शब्दांशिवाय, पहिल्यापासून अंतऱ्यापर्यंत, एकही जागा न चुकता. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. चाल संपल्यावर वकीलसाहेब डोळे उघडून म्हणाले, “सायकल पंक्चर झाली होती तुझी. येताना तिलवाऱ्यापर्यंत चालत आलो.”

मास्तरांना काही बोलता येईना. भाऊंनी पिशवीतून वही काढली, तारीख घातली आणि पेन हातात धरून ते थांबले. चौदा हा अंक आलेला नव्हता. त्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिले.

“काय लिहिता?” वकीलसाहेबांनी विचारले.

“वाटेचे दोन.”

“आणि उत्तराचे?”

भाऊ क्षणभर घुटमळले. मग त्यांनी लिहिले आणि वही त्यांच्यासमोर धरली. उत्तराच्या रकान्यात शून्य होते. वकीलसाहेबांनी ते बराच वेळ पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “सही करा.”

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. पुढच्या शनिवारी त्यांच्या घरी नवा कागद गेला. तो अवघड होता.